ङ, एक नग

माझ्या प्रबंधाचं नाव लांब आहे,
मुखपृष्ठावर तीन ओळी खातं.
इलाही मुजावर पेंटरांना मी एवढंच सांगितलं,
चाचा, तुमच्या अक्षरांचा फॉन्ट करायचाय.
ते म्हणाले, कर की. मला काय करायला लागंल?

तेव्हा म्हटलं, काही नाही.

दोन महिने लक्ष्मीपुरीत हिंडले
मोबाइल उंच धरून, मान अवघडेस्तोवर.
जुने बोर्ड काढत नाही कुणी,
वरूनच फ्लेक्स ठोकतात.
दुकानदार फ्लेक्सचा कोपरा उचलून दाखवत,
सदरा वर करून
जुन्या ऑपरेशनचा वण दाखवावा तसे.
खाली चाचांचा ळ, पोट सुटलेला,
गूळ, डाळ, काजळ, नारळ,
आणि बेअरिंगच्या दुकानावरचा रफार,
टोपी वाऱ्यावर धरावी तसा.

लॅबमध्ये प्रत्येक वळणावर एक बिंदू ठेवायचा.
बिंदूला दोन कान असतात,
कान ओढला की रेषा वाकते.
पहिल्या आठवड्यात मी शिरोरेषा सरळ केली.
ओतारी मॅडम मागे उभ्या होत्या.
सरळ कर म्हणून कुणी सांगितलं?
परत केली वाकडी.
वाकडी करायला जास्त बिंदू लागले.

मग मला सुचली ती पट्टी:
डावीकडे सरकवली की भरल्या ब्रशाचं अक्षर,
उजवीकडे नेली की सुकत आलेलं,
कडा फाटत जाणारं.
तिला मी नाव दिलं, ब्रशात उरलेला रंग.
प्रकरण चौथं, पूर्ण नवं योगदान.
चाचांनी ती दोनदा इकडे-तिकडे सरकवली.
म्हणाले, ह्ये उजवीकडचं रंग संपल्यामुळं न्हाई गं.
गिऱ्हाइकानं ॲडव्हान्स दिला नसला
की आमी रंगच पातळ करायचो.

प्रकरण चौथं पुन्हा लिहिलं.

सगळी अक्षरं बसली. एक चौकोन रिकामा.
ङ कुठल्याच बोर्डावर नाही.
गंगावेशीत एका बंद बालवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं सापडली,
चाचांच्याच हातची,
ञ सुद्धा होता,
घ च्या पुढे मात्र पाण्याचा नळ बसवलेला.

ङ? ते म्हणाले. कुठल्या दुकानासाठी?
दुकानासाठी नाही. फॉन्टात लागतो.
पन्नास वर्सं झाली, कुणी मागितला न्हाई.
एकदा एक पुस्तकवाला वाङ्मय लिवून घ्यायला आलता.
मी अनुस्वार दिऊन भागवलं, वांग्मय.
दुसऱ्या दिवशी दोघं जण पिशवी घिऊन
वांगी मागायला गेली त्याच्याकडं.

तीन दिवस त्यांनी काही पाठवलं नाही.
चौथ्या दिवशी गेले तर
दाराशी बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे रचलेले,
प्रत्येकावर ङ,
बारीक, बसका, पुढे झुकलेला,
एकाला सावली दिलेली, लाल, सिनेमाची द्यायचे तशी.
शेवटच्यात टिंब फार लांब होतं.
मी विचारलं, थोडं जवळ घेऊ का?
राहू दे, म्हणाले.
घरात घेतलं न्हाई कुणी त्येला,
दारात तर नीट हुबं राहू दे.

मी कान न ओढता तो तसाच घेतला.

पैसे विचारले तर चाचांनी दर सांगितला,
अक्षराला ऐंशी रुपये, टिंब फुकट.
खिशातल्या बुकावर पावती फाडली:
ङ, एक नग. सही, इलाही आर्ट्स.

पावती मी विभागात जमा केली.
आज ती परत आली, हिरव्या शाईचा शेरा घेऊन:
खरेदीस तीन कोटेशन आवश्यक.

म्हणून सबमिशनला नऊ दिवस उरलेले असताना
मी पापाच्या तिकटीवर उभी आहे,
चहावाल्याला, पानवाल्याला, रिक्षांच्या नंबर प्लेटवाल्याला विचारत,
अजून दोन पेंटर आहेत का इथे कुठे
ज्यांना ङ येतो.